एकशे बासष्ट पायऱ्या आणि एक पिशवी

त्या बाकाचा विषय बाळ मोघ्यांनी काढला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं आणि शांताबाई आठल्ये आजही वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या घरात निवांत मटार सोलत बसल्या असत्या. पण बाळ मोघ्यांचा स्वभावच तसा. जगातल्या कुठल्याही गावाचं नाव काढा, ते तिथे जाऊन आलेले असतात, आणि तिथलं स्वच्छतागृह कुठे आहे आणि बसायची सोय कुठे आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही.

त्या रविवारी वेलिंग्टनच्या मराठी मंडळींचं जेवण मोघ्यांकडे होतं. शांताबाईंचा मुलगा यतीन पाण्याच्या पाइपांचा इंजिनियर. त्याला त्याची कंपनी जुलैमध्ये प्रागला कसल्याशा परिषदेला पाठवणार होती. जुलै म्हणजे न्यूझीलंडमध्ये हिवाळा आणि नात जुईच्या शाळेला सुट्टी, म्हणून मग सून मृदुला, जुई, शांताबाई आणि त्यांचे यजमान पुरुषोत्तमराव अशी सगळी वरात निघणार होती. परिषद संपल्यावर एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी काय पाहावं, एवढाच साधा प्रश्न यतीनने विचारला.

"चेस्की क्रुमलोव्ह!" बाळ मोघे पुरणपोळीवरून हात उचलत म्हणाले. "प्रागहून बसने तीन तास. नदीने वेढा घातलेलं गाव, वर किल्ला, किल्ल्याच्या खंदकात खरी अस्वलं! आणि मनोरा. एकशे बासष्ट पायऱ्या, पण वरून जे दिसतं ना, वा! आणि शांताकाकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका. खाली अंगणात मस्त बाक आहे. सावलीचा. तुम्ही पिशव्या घेऊन निवांत बसा."

"हो, ती बसेल," पुरुषोत्तमराव म्हणाले आणि त्यांनी तूप वाढून घेतलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'ती बसेल' या दोन शब्दांमागे एकेचाळीस वर्षं होती. पुरुषोत्तमराव पुण्यात असताना गडांवर जाणाऱ्या एका मंडळाचे प्रमुख होते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस जण कुठला ना कुठला गड चढत. बरोबर बायकामुलं, डबे, सतरंज्या, पाण्याचे कॅन. वर जाणाऱ्याला ओझं नको, म्हणून कुणीतरी पायथ्याशी सामानापाशी बसायचं. पहिल्या खेपेला शांताबाई बसल्या कारण यतीन पोटात होता. दुसऱ्या खेपेला तो कडेवर होता. तिसऱ्या खेपेला त्याला गोवर होता. त्यानंतर कारण लागेनासं झालं. तोरण्याच्या पायथ्याचं आंब्याचं झाड, राजगडाखालचं मारुतीचं देऊळ, एका गडाखाली तर चक्क ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीची सावली, हे सगळं शांताबाईंना पाठ होतं. वरचं मात्र काहीच माहीत नव्हतं. मंडळी चढायला लागली की पुरुषोत्तमराव मोठ्याने सांगत, "सावकाश चला रे, शांता पिशव्यांपाशी आहे, घाई नाही!" आणि घाई नसल्यामुळे चार-चार तास कुणी खाली येत नसे. आले की शांताबाई विचारत, "काय दिसलं?" त्यावर पुरुषोत्तमरावांचं उत्तर ठरलेलं. "काही विशेष नाही गं. दगड नि गवत. तू काही गमावलं नाहीस."

शांताबाईंनी ते एकेचाळीस वर्षं खरं मानलं होतं. पण त्या दिवशी मोघ्यांच्या घरी, अजून तिकिटंही काढली नव्हती तेव्हा, जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासाठी एक बाक आधीच राखून ठेवलेला आहे हे ऐकून त्यांच्या डोक्यात काहीतरी तुटलं. घरी परतताना त्या गाडीत म्हणाल्या, "मी मनोरा चढणार."

"कुठला?" यतीन म्हणाला.

"बाळचा."

"अगं, गुडघा!" पुरुषोत्तमराव पुढच्या सीटवरून म्हणाले.

"गुडघा माझा आहे. तो माझ्याबरोबर येईल."

"गो आजी!" मागून जुई ओरडली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. गाडी चालवणाऱ्या मृदुलाने आरशातून सासूबाईंकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. वेलिंग्टनमध्ये घरं जमिनीवर बांधत नाहीत, डोंगराला टांगतात. आठल्यांच्या घराला खाली रस्त्यावरच्या पत्रपेटीपासून दारापर्यंत अडतीस पायऱ्या होत्या. अडतीस चोक एकशे बावन्न. म्हणजे चार खेपा झाल्या की फक्त दहा उरतात. "त्या दहा तिथे गेल्यावर बघू," शांताबाईंनी ठरवलं. चौथी खेप झाली की त्या दाराशी खुर्चीवर बसून चहा घेत. वारा असा की कपातला चहा कपाच्या बाहेर जायला बघे.

आता म्हातारी बाई रोज सकाळी साडीवर पफर जॅकेट घालून जिने चढते-उतरते म्हटल्यावर गल्लीत बातमी होणारच. स्नेहलता मोघेंनी तिळाचं तेल आणून दिलं. अनुराधा नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवल्या. तिळाचं तेल बोगस आहे असं अनुराधाने सांगितलं, मॅग्नेशियम बोगस आहे असं स्नेहलताबाईंनी, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. खरा उपयोगी सल्ला दिला तो शेजारच्या ग्रॅहमने. त्याचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले.

"यू राइट देअर, लव्ह?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"क्लाइंबिंग प्रॅक्टिस," शांताबाई म्हणाल्या.

"गुड ऑन या. उतरताना उलटं उतरायचं. पाठ पुढे. गुडघा कुरकुर करत नाही. ट्राय इट. स्वीट अ‍ॅज." म्हणजे तिकडच्या बोलीत, एकदम झकास.

त्या दिवसापासून शांताबाई कठड्याला धरून उलट्या उतरू लागल्या. टपाल टाकायला आलेल्या बाईला वाटलं, पत्रं न्यायला आलेल्या या दमून परत वर चालल्या आहेत. ती दोन दिवस पाकिटं पत्रपेटीत न टाकता वर दारापर्यंत आणून देत होती.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग कागदपत्रं आली. यतीन-मृदुला-जुईचे पासपोर्ट न्यूझीलंडचे, त्यांना व्हिसा नको. म्हाताऱ्यांचे भारताचे, त्यांना हवा. व्हिसासाठी विमा हवा. विम्यासाठी फोन करायचा. यतीनने फोन स्पीकरवर ठेवला आणि पलीकडची मुलगी गोड आवाजात एकेक प्रश्न विचारू लागली. मधुमेह? नाही. हृदय? आहे, पण बरं आहे. "प्रवासात काही क्लाइंबिंग करणार आहात का?"

"नो," यतीन म्हणाला.

"येस," शांताबाई म्हणाल्या.

"आई!"

"खोटं सांगायचं नाही. येस, येस. क्लाइंबिंग."

"दोरखंड वापरणार का?" मुलीने विचारलं.

शांताबाईंनी विचार केला. जुन्या मनोऱ्यात धरायला कठड्याऐवजी दोरी असू शकते. असली तर त्या धरणार होत्याच. "येस. रोप, इफ देअर."

दुसऱ्या दिवशी अकरा पानी फॉर्म आला. गिर्यारोहणाचा अनुभव किती वर्षांचा, याआधी कुठकुठली शिखरं, बरोबर परवानाधारक मार्गदर्शक आहे का, सर्वोच्च उंची किती. यतीनने विमा कंपनीला पत्र लिहून कळवलं की आईचं वय बहात्तर असून ती फक्त जिना चढणार आहे. त्यावर उत्तर आलं की ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने दिलेली माहिती आता कमी करता येत नाही, डॉक्टरांचं पत्र जोडावं. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, शांताबाईंकडे पाहिलं, पुन्हा चष्मा लावला. "मिसेस आठल्ये, तुम्ही गिर्यारोहक आहात हे तुमच्या फाइलमध्ये नाही."

"सुरुवात आहे," शांताबाई म्हणाल्या.

अखेर 'रुग्णास जिने चढण्यास हरकत नाही, सावकाश' असं पत्र मिळालं, सर्वोच्च उंचीच्या रकान्यात यतीनने चोपन्न मीटर लिहिलं, आणि विमान सुटायला दोन दिवस असताना व्हिसा आला. यतीन तेव्हापासून कुठलाही फोन स्पीकरवर ठेवत नाही.

निघायच्या आधी शांताबाईंनी एकच अट घातली. "क्रुमलोव्हला पिशवी न्यायची नाही. पिशवी असली की तिच्यापाशी बसायला माणूस लागतं. पाकीट, फोन, चष्मा, बस."

सगळ्यांनी मान्य केलं. सगळ्यांनी म्हणजे किती, ते त्या दिवशी सकाळी प्रागच्या हॉटेलात कळलं. वेलिंग्टनचा माणूस आकाशावर विश्वास ठेवत नाही, त्यामुळे मृदुलाने पाच रेनकोट घेतले. नदी आहे म्हटल्यावर जुईने टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, टॉवेल आणि जँडल्स म्हणजे रबरी चपला घेतल्या. यतीनने बसच्या तिकिटांपासून विम्याच्या अकरा पानांपर्यंत सगळ्याची फाइल घेतली. पण या सगळ्यावर कडी केली ती पुरुषोत्तमरावांनी. गडावर जायचं आणि डबा नाही ही कल्पनाच त्यांना सहन होईना. जॉन्सनव्हिलहून त्यांनी स्वतः करून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, चहाचा दीड लिटरचा थर्मास आणि खाली अंथरायला एक चादर. हे सगळं एका निळ्या कॅनव्हासच्या पिशवीत कोंबलं गेलं. शांताबाईंनी ती पिशवी पाहिली आणि बसमध्ये त्या तिच्यापासून सगळ्यात लांबच्या सीटवर जाऊन बसल्या.

क्रुमलोव्हला आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता. ऊन मे महिन्यातल्या पुण्यासारखं. रस्ते गोटे रोवून केलेले, त्यावर चालताना प्रत्येक पाऊल वेगळ्या दिशेला जातं. गाव मात्र असं देखणं की कुणाला रागही धड धरता येऊ नये: लाल कौलं, वळणं घेत वाहणारी नदी आणि सगळ्यांच्या डोक्यावर तो रंगीत नक्षीचा मनोरा. पहिल्या चढावरच पिशवीचा एक बंद तुटला. यतीन ती पोटाशी धरून, लहान मूल नेतात तशी नेऊ लागला. दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी ती दुसऱ्याकडे देई. शांताबाई आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होत्या.

पुरुषोत्तमरावांचं मात्र निरीक्षण चाललं होतं. "खंदक बरा आहे," त्यांनी पुलावरून खाली पाहत जाहीर केलं. "पण दरवाजा थेट समोर? गोमुखी हवा, वळण घेऊन आत नेणारा. शत्रू सरळ आत येईल." शत्रू सरळ आत येतच होता, हातात आइस्क्रीम घेऊन. अस्वलं उन्हाने कुठेतरी कोपऱ्यात झोपलेली होती. "आपल्याकडे गडावर दुकानं नसतात," पुरुषोत्तमराव म्हणाले आणि तिथल्या दुकानात शिरून त्यांनी जुईला टोपी घेऊन दिली.

आणि मग ते अंगण आलं. मनोऱ्याचं दार आलं. दाराशेजारी तिकिटाची खिडकी, खिडकीत केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई आणि समोर, भिंतीच्या सावलीत, बाळ मोघ्यांनी वर्णन केलेला तो बाक. मस्त होता. अगदी त्यांनी म्हटलं होतं तसा.

खिडकीतल्या बाईने निळ्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. जिना अरुंद आहे, एवढं सामान वर नेता येणार नाही. कपाटं होती, पण ती पर्स ठेवण्याइतकी. यतीनने पिशवी आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली. शेवटी थर्मास तेवढा आत गेला आणि पुरुषोत्तमराव "तो सांडेल!" म्हणून ओरडले, तेव्हा तोही बाहेर आला.

"म्हणजे कुणीतरी इथे बसायला हवं," पुरुषोत्तमराव म्हणाले.

आणि सगळ्यांनी शांताबाईंकडे पाहिलं. वाईट हेतूने नव्हे. कुणी सांगितलंही नव्हतं. माना आपोआप वळल्या. मृदुलाची वळली, यतीनची वळली, एवढंच काय, त्या खिडकीतल्या बाईचीही वळली, जिने शांताबाईंना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. यतीनने तर पिशवी त्यांच्या दिशेने अर्धी पुढेही केली. "आई, दहाच मिनिटं. म्हणजे… तू बस जरा, आम्ही बघून येतो, मग तू हवं तर…"

शांताबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि पिशवी घेतली. यतीनला हायसं वाटलं. त्या पिशवी घेऊन बाकापाशी गेल्या, बाकावरची धूळ पदराने झटकली आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, इकडे या जरा."

पुरुषोत्तमराव गेले. शांताबाईंनी त्यांना खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुणीतरी बसायला हवं."

"अगं, पण मी… मला कसं…" पुरुषोत्तमराव बाकावरून अर्धे उठत म्हणाले. एवढ्या गडांवर गेलेला माणूस, पण पायथ्याशी बसून काय करतात हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. "मी काय करू इथे?"

"मी काय करत होते?" शांताबाई म्हणाल्या. "पुऱ्या तुम्हीच आणल्यात. चिमण्या आल्या तर हाकला. कुणी बसायला मागितलं तर पिशवी जराशी सरकवा. आणि दर अर्ध्या तासाने वर बघा, दिसत कुणी नाही, पण बघायचं."

"शांता, लोक काय म्हणतील?"

"इथल्या लोकांचं काय म्हणणं आहे ते तुम्हाला कळणार आहे का? मग?"

यतीन मध्ये काहीतरी बोलायला गेला. "बाबा, मी बसतो, तुम्ही…"

"तू बसायचं नाहीस," मृदुला म्हणाली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, एवढ्या खालच्या आवाजात ती यतीनशी कधी बोलली नव्हती. "कुणीही उठायचं नाही. आई, चला." मग तिने खिडकीत जाऊन चार तिकिटं काढली.

जिना लाकडी होता, कठडा मजबूत. दोरी नव्हती. शांताबाई मोजत निघाल्या. पहिल्या अडतीस पायऱ्यांना त्यांना जॉन्सनव्हिलची पत्रपेटी दिसत होती. दुसऱ्या अडतीसला ग्रॅहमचं कुंपण. तिसऱ्या अडतीसला गुडघ्याने आपण आलो आहोत हे कळवलं. मागून जर्मन लोकांचा एक घोळका तुंबला होता. त्यांना शांताबाईंनी थांबून, भिंतीला टेकून, "प्लीज, प्लीज" करत पुढे जाऊ दिलं, पण स्वतः खाली बसल्या नाहीत. एकशे बावन्नाव्या पायरीला मात्र पाय जागच्या जागी थांबले. त्यांना त्या आकड्याला चहाची सवय झालेली. पाय उचलायचा म्हटला तरी उचलेना.

"आजी, टेन मोअर," वरच्या पायरीवरून जुई म्हणाली. "जस्ट टेन. यू आर डूइंग हीप्स गुड."

"चहा नाही ना पण," शांताबाई धापा टाकत म्हणाल्या.

जुईने क्षणभर विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, मोडकंतोडकं का होईना, आजीला मराठीत म्हणाली, "चहा खाली आहे. आजोबा… आजोबा सांभाळतो."

शांताबाईंना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच दहा पायऱ्या संपल्या.

वर वारा होता. वेलिंग्टनसारखा नव्हे, माणसाने सभ्यपणे सहन करावा असा. खाली सगळं गाव लाल कौलांचं, आणि त्या गावाला नदीने असं गुंडाळलेलं की जणू कुणी साडीचा काठ त्याच्याभोवती फिरवला आहे. नदीवर छोट्या छोट्या होड्या. पलीकडे हिरवे डोंगर, त्यापलीकडे निळे, आणि त्यापलीकडेही काहीतरी होतंच. शांताबाई कठडा धरून उभ्या राहिल्या. मग त्यांना राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. हे असं दिसतं वरून. तोरण्यावरूनही असंच दिसलं असणार. राजगडावरूनही. एकेचाळीस वर्षं हे असंच दिसत होतं.

कठड्यावरून जरा वाकून पाहिलं तर खाली अंगणात बाक दिसत होता आणि बाकावर शेंगदाण्याएवढे पुरुषोत्तमराव, मांडीवर निळा ठिपका. ते वर बघत होते. शांताबाईंचा फोन वाजला.

"पोचलीस का?" त्यांचा आवाज घाबरलेला होता. "गुडघा कसा आहे? इथे एक चिमणी पुरी घेऊन गेली. किती वेळ लागेल तुम्हाला?" मग जरा थांबून, जणू सहज, "काय दिसतंय? काही विशेष आहे का?"

शांताबाईंच्या जिभेवर ते उत्तर आलं होतं. दगड नि गवत, तुम्ही काही गमावलं नाहीत. किती सोपं होतं म्हणायला. त्यांनी ते गिळलं.

"फार विशेष आहे," त्या म्हणाल्या. "फार म्हणजे फार. एकेचाळीस वर्षं खोटं बोललात तुम्ही."

खालच्या शेंगदाण्याने मांडीवरचा निळा ठिपका जवळ ओढला. "अगं," तो म्हणाला, "तुला वाईट वाटू नये म्हणून."

"माहीत आहे. पण मला वाटायला हवं होतं. वाटलं असतं तर पुढच्या रविवारी मी चढले असते." त्यांनी नाक पुसलं. "आता तुम्हाला वाटू दे. आणि उद्या दुसरा कुठला गड असेल तर आपण दोघं चढू. पिशवी न घेता."

यतीन व्हिडिओ काढायचं विसरून नुसताच उभा होता. मग भानावर येऊन त्याने घड्याळ पाहिलं. परतीची बस, विम्याची फाइल, जेवण, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकदम आलं. "आई, बघून झालं ना? उतरायला हवं. तुला उलटं उतरायला वेळ लागेल."

शांताबाईंनी पदर खोचला, मृदुलाला हाताला धरून शेजारी ओढून घेतलं आणि दोन्ही कोपरं कठड्यावर नीट टेकवली.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "पिशवीपाशी ते आहेत. घाई नाही."